बोटातून रक्त घेतलं तर प्लेटलेट ६२ हजार, शिरेतून घेतलं तर २ लाख ३८ हजार. खरं कुठलं?

अर्धीझोप

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक १४ महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. तीन दिवस ताप हटत नव्हता म्हणून मंगळवारी डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सांगितली. लॅबमधल्या मुलानं दोन्ही कोपरांच्या खोबणीत चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "शीर लागत नाहीये, बोटातूनच घेतो." टोचलं. एक थेंब आला आणि थांबला. मग तो बोट पिळत राहिला. थेंब आला की छोट्या बल्बच्या, म्हणजे नमुन्याच्या नळीच्या, काठावर निपटून घ्यायचा, परत पिळायचा. पोर किंचाळत होती. मी तिला धरून समोरच्या घड्याळाकडे बघत बसले होते, म्हणून खात्रीनं सांगते, पाच मिनिटं चाललं होतं हे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.१, पांढऱ्या पेशी १७,८००, प्लेटलेट ६२,०००. शेवटचा आकडा लाल. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'प्लेटलेट क्लम्प्स दिसतात, शिरेतून पुन्हा नमुना घेऊन खात्री करावी.' क्लम्प्स म्हणजे गुठळ्या. ही ओळ मला दुसऱ्या दिवशी दिसली. रात्रभर मी फक्त ६२ हा आकडा बघत होते आणि दर तासाला टॉर्च लावून तिच्या पायांवर ठिपके शोधत होते.

सकाळी डॉक्टरांनी दुसरीकडे पाठवलं. तिथल्या वयस्क सिस्टरनी हाताच्या पाठीवरची शीर शोधली, फुलपाखरू सुई लावली, अर्ध्या मिनिटात काम संपलं. हा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी ११,४००, प्लेटलेट २,३८,०००. मधे गेले फक्त १६ तास.

डॉक्टर म्हणाले, पहिला रिपोर्ट विसरा. ठीक, विसरते. पण प्लेटलेट एका रात्रीत चौपट होतात का? होत नसतील तर ते ६२ हजार आले कुठून? मशीननं मोजलं तरी काय? आणि पांढऱ्या पेशी उतरल्या त्या ताप उतरला म्हणून, की तो आकडाही खोटाच होता?

उंटावरून

यात विचार करण्यासारखं काय आहे? नमुन्यांची अदलाबदल. तुमच्या लेकीच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त गेलं. लॅब बदला आणि विषय संपवा.

जांभळी टोपी

उंटावरून, जरा दमानं. अदलाबदल होते, नाही असं मी म्हणणार नाही. पण अदलाबदल झालेला रिपोर्ट 'क्लम्प्स दिसतात, पुन्हा घ्या' असं आपणहून कबूल करत नाही. त्या लॅबमध्ये कुणीतरी काच (रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) बघितली आहे आणि खरं तेच लिहिलंय. चूक झाली ती त्याआधी, टेबलाशी.

मी ३१ वर्षं रक्त घेतलं, त्यातली निम्म्याहून जास्त मुलांच्या वॉर्डात. आता निवृत्त आहे. इथलं नाव ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) बल्बच्या टोपीवरून घेतलंय.

अर्धीझोप ताई, प्लेटलेटचं काम काय ते आधी लक्षात घ्या. कातडी फाटली की धावत जायचं, एकमेकींना चिकटायचं आणि भोक बुजवायचं. सुई थेट शिरेत गेली तर रक्त नळीतून सरळ बल्बात पडतं. बल्बातलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची गाडी पुढं सरकत नाही. बोटाचं तसं नाही. तिथं रक्त फाटलेल्या कातडीवरून ओघळतं, वाटेत पेशींच्या मधल्या जागेतला रस त्यात मिसळतो, आणि गोठायला सुरुवात करा असा निरोप नेमका त्या रसातच असतो. थेंब बोटावर थबकतो, बल्बच्या काठावर थबकतो. हे सगळं पाच मिनिटं! प्लेटलेटना वाटलं जखम झाली आहे, आणि खरंच झाली होती. त्यांनी आपलं काम चोख केलं. ईडीटीए भेटेपर्यंत त्यांच्या गुठळ्या बांधून झाल्या होत्या.

आता मशीन. बहुतेक मशिनांत एक बारीक छिद्र असतं आणि त्यातून वीज वाहत असते. पेशी एकेक करून त्या छिद्रातून जाते तेव्हा विजेला अडथळा होतो. मोठी पेशी मोठा झटका, लहान पेशी लहान झटका. वॉलेस कूल्टर नावाच्या माणसाला १९५३ मध्ये या युक्तीचं पेटंट मिळालं आणि आजही निम्मं जग त्यावर चालतं. लहान झटका म्हणजे प्लेटलेट. पण वीस प्लेटलेट हातात हात घालून छिद्रातून गेल्या तर? झटका एकच, तोही प्लेटलेटच्या मापाचा नाही. मशीन त्यांना प्लेटलेट म्हणून धरतच नाही. गुठळी पुरेशी मोठी असेल तर चक्क पांढरी पेशी म्हणून मोजतं.

म्हणजे तुमचे ६२ हजार आकाशातून पडले नाहीत. ज्या एकट्या-दुकट्या उरल्या होत्या त्या तेवढ्या होत्या. बाकीच्या गर्दीत होत्या.

पांढऱ्या पेशींचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. थोडा भाग या गुठळ्यांचा असेल. थोडा बोटाचा, कारण बोटा-टाचेच्या बारीक वाहिन्यांतल्या रक्तात पांढऱ्या पेशी मुळातच जास्त सापडतात. आणि बराचसा भाग रडण्याचा! आपल्या पांढऱ्या पेशींतला मोठा हिस्सा वाहिन्यांच्या भिंतींना टेकून बसलेला असतो. मूल जिवाच्या आकांतानं रडलं की ॲड्रेनलिन वाढतं, रक्ताचा वेग वाढतो आणि ही बसलेली मंडळी प्रवाहात उतरतात. नवी एकही पेशी तयार झालेली नसते. १९७९ मध्ये नवजात बाळांवर झालेल्या एका अभ्यासात एकाच वेळी तीन ठिकाणचं रक्त घेतलं होतं. टाचेच्या रक्तात आकडा सगळ्यांत जास्त, शिरेतला त्याच्या सुमारे चार पंचमांश आणि धमनीतला त्याहूनही कमी. त्याच अभ्यासात जोरदार रडण्यानंतर आकडा जवळजवळ दीडपट झालेला दिसला. तुमची लेक १४ महिन्यांची आहे, तेच प्रमाण तिला लावू नका, पण दिशा तीच. आणि हो, १६ तासांत ताप उतरला असेल तर खरोखरची घटही त्यात असेलच. सगळं खापर बोटावर फोडणं बरोबर नाही.

हिमोग्लोबिनचा फरक ०.९ चा. त्यावर झोप घालवू नका. बोटातलं थोडं जास्त येतं, शिवाय दोन मशिनांत थोडं इकडंतिकडं चालतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी रक्तक्षयाची रेघ ११ वरून १०.५ वर आणली. तुमचे दोन्ही आकडे रेघेच्या वरच आहेत.

गंमत म्हणजे पिळण्यानं उलटंही होतं. जोरात पिळलं की पेशींमधलं पाणी जास्त येतं, रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन खाली दिसतं. म्हणजे बोटाचा आकडा दोन्ही बाजूंना चुकू शकतो आणि कुठल्या बाजूला चुकलाय ते पिळणाऱ्याच्या अंगठ्यावर ठरतं! २०१५ मध्ये राइस विद्यापीठात मोठ्या माणसांच्या एकाच बोटातून लागोपाठ थेंब घेऊन मोजले. थेंबाथेंबागणिक आकडे बदलत होते. शिरेतल्या रक्ताइतका भरवशाचा आकडा हवा तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागली. मी ते वाचलं तेव्हा हसूच आलं. आम्ही टेबलाशी बसणाऱ्यांनी हे आयुष्यभर बघितलंय, फक्त कुणी आम्हाला विचारलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मीही अशीच पिळायचे. आमच्या मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बोट आहे ते, ओला पंचा नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं ते असं: पोराचा हात आधी आईच्या मुठीत दोन-तीन मिनिटं ऊब धरायला ठेव. गार हातातून कुणालाच रक्त निघत नाही. मधलं बोट किंवा अनामिका, पेराच्या मधोमध नाही तर जरा कडेला, आणि काप बोटाच्या ठशाच्या रेघांना आडवा, म्हणजे थेंब गोल उभा राहतो. रेघांच्या दिशेनं कापलं तर रक्त त्या रेघांतून पसरतं. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून टाक, सगळा रस त्यातच असतो. बोट खाली धरून हलकं दाबायचं, सोडायचं, परत भरू द्यायचं. खरवडायचं नाही. दोन-तीन थेंब पडले की बल्बला टिचकी मारायची, संपेपर्यंत वाट बघायची नाही. शेवटी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायचं. हलवायचं नाही, उलटायचं. आणि थांबलं की थांबलं. दुसरीकडे टोच, पण मेलेलं बोट पिळू नकोस.

अर्धीझोप

जांभळी टोपी काकू (काकू म्हटलं तर चालेल ना?), तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. रात्री दोन वाजता आम्ही ज्या आकड्यावरून भांडलो, ती म्हणजे गर्दीत हरवलेली मंडळी होती.

आता आठवतंय. तो मुलगा बल्ब एकदाही हलवत नव्हता. शेवटी वर धरून बघितला, रेघेपर्यंत रक्त आलं नव्हतं, आणि "चालेल" म्हणाला. रेघेपर्यंत न भरल्यानं काही बिघडतं का? आणि एक राहिलंच. दोन्ही रिपोर्टांत पांढऱ्या पेशींतले लिम्फोसाइट ६० टक्क्यांच्या वर, दोन्हीकडे लाल. हे तर दोन्ही पद्धतींत सारखंच आलंय, मग ते खरं धरायचं?

बोटात एवढी भानगड आहे तर लहान मुलांचं रक्त कायम शिरेतूनच का घेत नाहीत?

रात्रपाळी

बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. काकूंनी लिहिलेलं बरोबर आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी 'बोटातलं कमी आलंय म्हणजे खोटंच असणार' असं समजून घरी बसू नये, म्हणून लिहितो.

तापात प्लेटलेट खरोखर कमी होण्याची कारणं भरपूर आहेत. क्लम्प्स आहेत एवढ्यावरून खरा आकडा चांगला आहे असं सिद्ध होत नाही. मोजणी फसली, एवढंच कळतं. म्हणून त्याच दिवशी शिरेतून पुन्हा, आणि काच डोळ्यांनी बघायची. अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, नाका-हिरड्यांतून रक्त, मूल सुस्त पडलेलं, यातलं काहीही असेल तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. अर्धीझोप, तुमची टॉर्च बरोबर जागी फिरत होती.

दुसरं, काही जणांच्या रक्तात प्लेटलेट ईडीटीएमुळेच चिकटतात. अशांचं शिरेतून कितीही सफाईनं घेतलं तरी आकडा कमीच येतो, आणि बल्ब जितका वेळ पडून राहील तितका आणखी कमी. मग सायट्रेटच्या निळ्या टोपीच्या बल्बात घेऊन बघतात. त्यात द्रव असतो म्हणून रक्त दहा टक्के पातळ होतं, आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं. तुमच्या लेकीचं हे नाही, कारण शिरेतलं ईडीटीएतच व्यवस्थित आलं.

आणि शिरेतून घेतलं म्हणजे गंगेत न्हालं असं कुणी समजू नये. माझीच गोष्ट. पहाटे साडेचारला एका मुलाचं रक्त घेतलं. ज्या हातात सलाईन चालू होतं त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूला. शीर छान दिसत होती ना! हिमोग्लोबिन आदल्या दिवशीपेक्षा ४ ग्रॅमनं कमी. मी रक्तपेढीला फोन लावला, सरांना उठवलं. सरांनी फोनवर एकच विचारलं, "साखर किती आली?" साखर साडेसहाशे. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, तिन्ही एकदम उतरलेले आणि साखर आभाळात: मी रक्त नाही, ग्लुकोज तपासायला पाठवलं होतं. सर ओरडले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

जांभळी टोपी

रात्रपाळी, हे कबूल केलंत म्हणून अर्धे गुण परत. उरलेले अर्धे तुमच्या लोकांच्या सिरिंजसाठी राखून ठेवलेत. सिरिंजमध्ये रक्त ओढायचं, फोन आला की ती ट्रेमध्ये ठेवून बोलत बसायचं आणि मग सुईसकट बल्बात जोरात दाबून सोडायचं. सिरिंजमध्ये ईडीटीए नसतं, डॉक्टर! तिथंच गुठळी होते. आणि बारीक सुईतून दाबलं की तांबड्या पेशी फुटतात. मग लॅबमधून 'सॅम्पल क्लॉट' म्हणून फोन आला की आम्ही वाईट.

अर्धीझोप, काकू म्हटलं तर चालेल, आजीसुद्धा चालेल.

रेघेचं: बल्बातलं ईडीटीए ठरावीक रक्तासाठी मोजून घातलेलं असतं. रक्त कमी पडलं की ईडीटीए जास्त होतं. पेशी आकसतात, फिरवून काढलेला हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) कमी येतो, काचेवर पेशी वेड्यावाकड्या दिसतात. ईडीटीए द्रवरूप असेल तर रक्तच पातळ होतं आणि सगळे आकडे थोडे खाली सरकतात. २ मिलिच्या मोठ्यांच्या बल्बात बाळाचं अर्धा मिलि रक्त टाकणं ही जुनी खोड आहे. मुलांसाठी पाव ते अर्ध्या मिलिचे वेगळे बल्ब मिळतात. त्यातही रेघ असते आणि ती शोभेची नसते. रेघेच्या वर भरलं तर उलटं, मिसळायला जागा उरत नाही आणि गुठळी होते.

लिम्फोसाइटचं: ते खरंच आहेत आणि लाल रंग खोटा आहे. जन्मानंतरचे काही दिवस सोडले तर साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइटच जास्त असतात, नंतर हळूहळू न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींची दुसरी जात वरचढ होते. पुष्कळ लॅबांच्या कागदावर शेजारच्या रकान्यात मोठ्या माणसांचीच मर्यादा छापलेली असते. १४ महिन्यांच्या मुलीला चाळिशीच्या माणसाच्या मापाचा सदरा घालून 'बाह्या लांब आहेत' म्हणण्यातला प्रकार. रिपोर्ट बघताना वयाप्रमाणे मर्यादा छापली आहे का, ते आधी बघा.

कायम शिरेतून का नाही? कारण हातात कला आणि वेळ दोन्ही लागतं. गुबगुबीत बाळाची शीर दिसत नाही, बोटाला लागते, तीही कधी कधी. एक आई धरायला, एक माणूस हात धरायला, एक सुई धरायला. चार वेळा टोचून शीर फोडण्यापेक्षा एकदा बोटाला नीट टोचलेलं बरं, हा हिशोब चुकीचा नाही. आणि रक्ताचाही प्रश्न असतो. तुमच्या साडेनऊ किलोच्या लेकीच्या अंगात साधारण ७०० ते ७५० मिलि रक्त आहे, तिला अर्धा-एक मिलि काहीच नाही. पण किलोभराच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात सगळं मिळून ९० मिलिच्या आसपास. तिथं रोज एकेक मिलि काढत गेलं तर त्या बाळाला आपणच रक्तक्षय देतो. तिथं टाचेचे चार थेंब मोलाचे.

शिरेतून घेताना पट्टा मात्र एका मिनिटाच्या आत सोडायचा. शीर शोधत तीन मिनिटं आवळून ठेवला की पाणी बाहेर झिरपतं, पेशी मागं राहतात आणि हिमोग्लोबिन फुगतं.

दुपटं

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचा मुलगा जन्मला त्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं, हिमॅटोक्रिट ६९ आलं. 'रक्त घट्ट आहे, थोडं काढून सलाईन भरावं लागेल कदाचित' असं सांगितलं आणि बायको टाके सांभाळत रडत बसली. दोन तासांनी शिरेतून घेतलं तर ६१. कुणी काही समजावलं नाही, फक्त "आता ठीक आहे" म्हणाले. मुलगा आता सात वर्षांचा, धडधाकट. पण ते ६९ माझ्या डोक्यातून गेलं नाही.

रात्रपाळी

रक्त घट्ट आहे की नाही हे शिरेतल्या हिमॅटोक्रिटवरच ठरतं, ६५ च्या वर असेल तर. टाचेतलं फक्त चाळणी म्हणून. जास्त आलं की शिरेतून खात्री करायची आणि मगच पुढचं बोलायचं. तुमच्या बाबतीत केलं बरोबर, फक्त बोलले आधी.

जांभळी टोपी

दुपटं, पहिल्या दिवशी बाळाचे पाय गार असतात, टाचेत रक्त रेंगाळतं. रेंगाळलेल्या रक्तात तांबड्या पेशी दाटीवाटीनं असतात, म्हणून तिथला हिमॅटोक्रिट आणि हिमोग्लोबिन दोन्ही शिरेपेक्षा चढे. मोठ्या मुलांत हा फरक किरकोळ, नवजात बाळात एवढा की त्यावरून निर्णय उलटू शकतो. टाच पाच मिनिटं कोमट कापडात गुंडाळली की फरक कमी होतो. कोमट म्हणजे आपल्या मनगटाला सोसेल असं. ४२ अंशांच्या वर कधीच नाही, बाळाची कातडी पोळते.

टोचायचं तळव्याच्या बाजूला, टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध नाही, मागच्या गोलाईवर तर नाहीच, तिथं हाड लगेच लागतं. पातं २ मिलिमीटरच्या आत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बोटाला टोचायचं नाही तेही याच कारणानं, बोटात हाड वरच असतं.

आणि लोकांना वाटतं टाचेला टोचणं म्हणजे सोपं, कमी दुखणारं. पूर्ण दिवसांच्या बाळांवरचे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात उलटंच निघालं: सराईत हातानं शिरेतून घेतलेलं बाळाला कमी दुखतं. सराईत हात, हे त्यातलं महत्त्वाचं. टाच दुखते ती टोचल्यानं कमी आणि नंतरच्या दाबण्यानं जास्त. आई अंगावर पाजत असताना टोचलं तर बाळ कितीतरी कमी रडतं. मी नेहमी आईला विचारायचे. काही सिस्टर मला हसायच्या.

उंटावरून

बरं, उतरलो खाली. लॅब बदला हा सल्ला मागं घेतो. मग बोटातून घेऊच देऊ नये का?

जांभळी टोपी

या, बसा. असं काही नाही. साखर, बिलिरुबिन (काविळीची तपासणी), नुसतं हिमोग्लोबिन, यासाठी नीट घेतलेलं बोट किंवा टाच पुरते. सीबीसीसुद्धा नीट घेतली तर निभावते. पण प्लेटलेटच्या आकड्यावर काही ठरणार असेल, मूल भरती करायचं की नाही, औषध बदलायचं की नाही, तर शिरेतून घ्या म्हणा. आणि कालचा-आजचा आकडा ताडून बघायचा असेल तर दोन्ही दिवस एकाच पद्धतीनं. काल बोट, आज शीर, उद्या परत बोट, असं केलं की आकडे चढतात उतरतात आणि आजारात काहीच झालेलं नसतं.

अर्धीझोप

कळवायला उशीर झाला. पोरीचा ताप गेला, परवा परत दंगा सुरू.

पहिल्या लॅबमध्ये फोन करून विचारलं, काच ठेवली आहे का. वाटलं होतं उडवून लावतील. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाई स्वतः फोनवर आल्या. त्यांनीच ती ओळ लिहिली होती. काच परत बघून म्हणाल्या, शेपटीकडच्या भागात गुठळ्याच गुठळ्या आहेत, आणि जिथं नाहीत तिथं मोठ्या भिंगाखाली एकेका दृश्यात दहा-बारा प्लेटलेट दिसतात. काकू, हे चांगलं ना?

त्यांनी विचारलं, कुणी घेतलं होतं. मी नाव माहीत नाही म्हणाले. खरं तर त्याच्या खिशावर लिहिलेलं होतं. तोही घामाघूम झाला होता बिचारा.

जांभळी टोपी

चांगलंच. एका दृश्यातल्या एका प्लेटलेटमागं १५ ते २० हजार धरतात, म्हणजे दीड लाखाच्या वरच, गुठळ्यांतल्या न धरता. त्या बाईंनी ती ओळ बारीक अक्षरात न लिहिता आकड्याच्या शेजारीच ठळक लिहायला हवी होती, पुढच्या वेळी बोललात तर एवढं सांगा.

नाव सांगितलं नाहीत ते ठीक. पण पुढच्या वेळी तोच मुलगा असेल तर "आधी हात गरम करू का?" असं तुम्हीच विचारा. त्याला कळेल.

आणि पहिला रिपोर्ट फाडू नका. त्यावर पेनानं लिहा: 'बोटातून, ५ मिनिटं, गुठळ्या'. तारीख घाला आणि फाइलमध्ये दुसऱ्याला जोडून ठेवा. दोन वर्षांनी नवीन डॉक्टर फाइल चाळतील, तेव्हा त्यांची नजर त्या ६२ वरच जाणार आहे.